त्या समुद्राचा एक नारळ राहिलाय

दोन रात्री झोपले नाही.

पोरगी रडते म्हणून नाही. दादानं स्टेटसला टाकलेला फोटो बघितला म्हणून.

काळी वाळू. मागे बर्फाचा डोंगर. काठ्यांवर वाळत घातलेले मासे. खाली लिहिलंय, "रविवारी निघणार."

आज शनिवार आहे.

आणि आज आईला जाऊन वर्ष झालं.

तुमी ग्रुपवरचे सगळे आईला ओळखता. उरणच्या बाजारात सुकी मासळी विकायची, भाव कमी केला तर सुनवायची पण. दादाला पण ओळखता. प्रशांत. जहाजावर असतो.

ही फोटोतली जागा मी कधी बघितली नाही. पण ओळखते. आईनं सांगितलीय.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साल असेल. बाबा पण जहाजावर होते, इंजिनात. जहाज पार वर आइसलँडला बंद पडलं. सामान येईपर्यंत तिथंच. बाबा कॅप्टनसाहेबांना बोलले, बायकोला दिवस गेलेत, मला घरी सोडा.

साहेब मस्करीत बोलले, सोडणार नाही, तिलाच इकडे बोलव.

बाबांनी ते खरंच धरलं. एवढे मागे लागले की साहेबांनी कंपनीकडून तिकीट काढून दिलं.

आजी बोलली, "पोटुशी बाय इमानात? येडा झालाय काय तो?"

आई गेली. साडीवर दोन स्वेटर, बाबांचे मोजे. पिशवीत सुके बोंबील, जवळा आणि एक नारळ. आमच्यात नवीन समुद्र बघितला की नारळ देतात. हा नारळ तिकडच्या समुद्राचा होता.

बाबांनी गोदीतल्या एका माणसाची जुनी लाल गाडी मागून घेतली. दोघं बेट फिरायला निघाले. आणि गाडी चालू करायच्या आधी बाबांनी काय केलं?

नारळ गाडीसमोर फोडला.

गाडीवाला गोरा बघतच राहिला. बाबांनी त्याला खोबरं दिलं.

आई बोलली, "अवो, तो दरियाचा व्हता!"

"दरिया कुठं पलतोय? दुसरा घेऊ."

दुसरा कुठून मिळणार तिकडे!

बाबा ही गोष्ट हसत सांगायचे, तुझी आय रस्ताभर भांडली. मी उजव्या बाजूनं चालवतोय तर ओरडते, चुकीच्या बाजूनं चाललाव! रस्त्यावर कुत्रं नाही, तरी मी वळणावर हॉर्न मारतोय. मग मासे वाळत घातलेले दिसले तशी गप झाली. उतरून हात लावून बघितला. "बरं वालवलंय," बोलली. सर्टिफिकेट दिलं गोऱ्यांना!

पुढचं बाबा सांगायचे नाहीत.

पुढचं आईनं मला सांगितलं, शेवटच्या दिवसांत, हॉस्पिटलात. बाबा तर आधीच गेले होते.

वादळ आलं. तिकडे थंडीत दुपारीच अंधार. गाडी घसरून खड्ड्यात गेली. बाबा माणसं आणायला चालत गेले. आई एकटी गाडीत. बाजूला समुद्र, आणि गाडी हलतेय. तिच्या पोटात दुखायला लागलं.

तिला वाटलं, या समुद्राचा नारळ आपण गाडीला दिला, म्हणून हा चिडला.

तिनं नवस बोलला. "माजं पोर वाचव. त्याला घेऊन परत येन, त्याच्या हातानं तुजा नारल देन. तवपर्यंत त्याला तुज्या पान्यावर धाडनार नाय."

बाबा ट्रॅक्टर घेऊन आले. पोर वाचलं.

ते पोर म्हणजे दादा.

परत जाणं काय झालं नाही. आमी कुठले जातोय! दर नारळी पुनवेला आई दोन नारळ सोडायची. बाबा बोलायचे, पाणी सगळं एकच. ती बोलायची, "पानी एक आसल. सबद तिथं दिलाय."

दादाला यातलं काही माहीत नाही. फिरायला गेले होते एवढंच माहीत आहे. तो त्या गाडीत होता हे त्याला कोणी सांगितलंच नाही. मला पण आई बोलली, त्याला नको सांगू, भिऊन पाण्यावर काम करेल.

दोन वर्षांमागे त्याचं जहाज तिकडेच जाणार होतं, तेव्हा आईनं त्याचा पासपोर्ट तांदळाच्या डब्यात लपवला. जहाज गेलं. नोकरी गेली. दादा बोलला, "तुला माझं बरं झालेलं बघवत नाही." आईनं ऐकून घेतलं.

नंतर दुसरी नोकरी लागली. गेला तो बोललाच नाही तिच्याशी. आई गेल्याचं मीच त्याला फोनवर सांगितलं. त्यानंतर त्यानं माझा फोन उचलला नाही. मेसेज पण बघत नाही. कालपासून किती लावले.

आमचे हे बोलतात, ही अंधश्रद्धा आहे, झोप. असेल. तुमी पण हसाल. पण माझ्या मांडीवर सात महिन्यांची पोर आहे. गाडीत एकटीच बसलेली आई मला आता कळते. आणि माझा भाऊ उद्या त्याच पाण्यात निघतोय.

मला तुमच्याकडून आईसाठी फुलांचे फोटो नकोत. तुमच्यातले कितीतरी त्याचे शाळेतले मित्र आहात. तुमचा फोन उचलेल.

त्याला बोला, आईनं पासपोर्ट रागानं नव्हता लपवला.
त्याला बोला, लाल गाडीत तू पण होतास.
जहाजाच्या किचनमध्ये नारळ असेल तर स्वतःच्या हातानं सोड. नसेल तर नुसता हात जोड आणि सांग, आईनं पाठवलंय.

आई, तुझं ऐकलं नाही मी. सांगून टाकलं सगळं. माफ कर.

श्रद्धांजली वगैरे नंतर लिहा.

आधी कोणीतरी दादाला फोन लावा.