अक्कांचा पूर्णविराम

बंगळुरात खुर्च्या करणारे सुतार गल्लोगल्ली सापडतील, पण बाईला खुर्चीत बसवणारी असामी सबंध शहरात मी एकच पाहिली : मल्लेश्वरममधल्या आमच्या शेजारच्या अक्का. बसवणारी म्हणजे अक्षरशः बसवणारी. एकोणीसशे साठचं दशक नुकतं उजाडलं होतं. शाळांत, इस्पितळांत, सरकारी कचेऱ्यांत एखाददुसऱ्या बाईला वरची जागा मिळू लागली होती, आणि मिळाली की त्या बाईची झोप उडत असे. मग कुणाच्या तरी ओळखीनं ती संध्याकाळी अक्कांच्या ओसरीवर यायची आणि म्हणायची, "मला नाही हो जमायचं." अक्का बेळगावकडच्या, हयात शाळेत व्याकरण शिकवण्यात गेलेली. समजूत घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ओसरीवरच्या हातांच्या, उंच सागवानी खुर्चीकडे बोट दाखवून त्या म्हणत, "बस." पाहुणी हटकून खुर्चीच्या कडेला टेकायची. ती टेकली की अक्का समोर पाटावर बैठक मारून विचारणार, "मागची अर्धी खुर्ची भाड्यानं दिलीस काय गं?"

दुसरं त्यांचं वेड म्हणजे 'स्वल्प'. कन्नडमधला 'थोडं' या अर्थाचा हा शब्द आमच्या भागात मराठी घरांतही मिठासारखा पडतो. भाजीवाल्याला स्वल्प कोथिंबीर मागायची, टांगेवाल्याला स्वल्प पुढे घ्यायला सांगायचं. त्याला अक्कांची हरकत नव्हती. पण हुद्द्यावरची बाई "मला स्वल्प सांगायचं होतं, माझं स्वल्प चुकत असेल" असं बोलू लागली की त्यांच्यातली मास्तरीण उठून उभी राही. "तुमच्या बोलण्यात सगळे स्वल्पविराम! पूर्णविराम द्यायला हात का कापतो गं?" वाक्य संपताना बायका जे कसनुसं हसतात, तेही त्यांच्या मते स्वल्पविरामच. सरावासाठी त्यांनी दूधवाल्याला धरलं होतं. न हसता त्याला सांगायचं, "उद्यापासून दुधात पाणी नको," आणि गप्प उभं राहायचं. एका इस्पितळाच्या नव्या मेट्रननं हे इतकं झकास केलं, की दूधवाल्यानं अक्कांच्या घराची वाटच सोडली. अक्का बिनदुधाची कॉफी पीत ज्याला त्याला कौतुकानं सांगत होत्या, "पोरगी तयार झाली बघ!"

मी तेव्हा स्त्रियांच्या हक्कांची पत्रकं लिहायचे, छापायचे आणि बसथांब्यांवर वाटायचे. अन्याय दिसला की निषेध, हा माझा खाक्या. अक्का माझं प्रत्येक पत्रक वाचायच्या आणि परत देताना म्हणायच्या, "तू सगळी उद्गारचिन्हं वापरून टाकलीस. बाकीच्यांना काही ठेवलंस काय?" ओसरीवर हजर राहायची मला मुभा होती, बोलायची नव्हती. माझं कुतूहल वेगळंच होतं. अख्ख्या गावातल्या बायकांना त्या खुर्चीत बसवणाऱ्या अक्का स्वतः तीत कधीच बसत नसत. विचारलं की "थांब, फोडणी करपते" म्हणून आत जात. चूल पेटलेली नसली तरी.

अशात एका शनिवारी नलिनी आली. पुण्याहून नवऱ्याबरोबर इकडे आलेली, सरकारी प्रयोगशाळेत रसायनं आणि रंग यांवर काम करणारी. तिला विभागप्रमुख केलं होतं, आणि सोमवारी साहेबांकडे जाऊन ती ते नाकारणार होती.

"कुणी दबाव आणलाय? नाव सांगा!" मी मुभा विसरून ओरडले.

"अहो, कुणीच नाही," नलिनी म्हणाली. "साहेबांनी आपणहून दिलंय. मलाच वाटतं, त्यांची काहीतरी चूक झालीये. जरा लोकांना कळलं ना, की मला थोडंसंच येतं..."

अन्याय समोर बसलेला होता आणि अन्याय करणारा कुणी नव्हता. "मग मोर्चा न्यायचा कुणावर?" मी विचारलं.

"हिच्यावरच ने की," अक्का मला म्हणाल्या आणि तिच्याकडे वळल्या. "पुण्याचं थोडंसं आणि आमचं स्वल्प, सख्ख्या बहिणी. मागं सरक. आता सांग, काय केलंस तिथं?"

"आम्ही एक गंज न धरणारा रंग तयार केला."

"आम्ही म्हणजे किती जणी?"

"म्हणजे, सगळ्यांनीच तशी मदत..."

"डबा कुणी ढवळला ते नाही विचारलं. डोकं कुणाचं?"

नलिनीनं खुर्चीचे हात घट्ट धरले. "माझं," ती म्हणाली, आणि लगेच हसली.

"हसू पूस. पुन्हा."

"माझं."

"सरी, बरोबर! आता गप्प बस. ह्या गप्प बसण्यातच खरी मेहनत आहे."

रविवारचा सगळा दिवस नलिनी ओसरीवर एकेक वाक्य बोलून गप्प बसत होती आणि मी पत्रकातून उद्गारचिन्हं खोडत होते. सोमवारी संध्याकाळी ती धावतच आली. साहेबांनी विचारलं होतं, "सांभाळाल ना?" ती "हो" म्हणाली होती आणि थांबली होती. "अक्का, मेले असते हो! ते बोलेनात, मी बोलेना. शेवटी त्यांनीच कॉफी मागवली."

पुढं दिवाळीच्या फराळाला अक्कांच्या साऱ्या शिष्या जमल्या. हे काम ओसरीवरून उचलून नीट मंडळ काढावं असं ठरलं. अध्यक्ष कोण, हा प्रश्नच नव्हता. सगळ्यांनी अक्कांकडे पाहिलं.

"अय्यो, मला कशाला?" अक्का पाटावरून उठत म्हणाल्या. "मी आपली स्वल्प..."

शब्द निसटला. ओसरीवर चिवडा चावल्याचाही आवाज येईना. अक्कांनी स्वैपाकघराकडे पाहिलं.

"फोडणी नाहीये अक्का, आज सगळा फराळ आम्ही आणलाय," मी म्हणाले.

नलिनीनं खुर्ची पुढं ओढली. अक्का बसल्या. कडेला.

"मागची अर्धी खुर्ची भाड्यानं दिलीत काय हो?" नलिनीनं विचारलं, आणि ओसरी हसून लोटपोट झाली. अक्काही हसल्या. मग पदराशी चाळा करत म्हणाल्या, "आमच्या शाळेत मला मुख्याध्यापिका करणार होते. मी म्हटलं, 'स्वल्प विचार करून सांगते.' त्यांनी तरी किती वाट बघायची? दुसऱ्याला बसवलं तिथं. माझं वाक्य आपलं तिथंच लटकून राहिलं गं."

आता अक्का भाच्याकडे धारवाडला असतात. खुर्ची मंडळाच्या खोलीत आहे. नवी कुणी कडेला टेकली की आम्ही तोच प्रश्न विचारतो, पण बेळगावी ठसका काही केल्या साधत नाही. अशा वेळी मला ती दिवाळी आठवते. अक्का इंच इंच मागं सरकल्या, पाठ टेकली, आणि आम्हांला पहिल्यांदाच दिसलं की त्या खुर्चीत त्यांचे पाय जमिनीला पोचत नाहीत. नलिनीनं त्यांचा पाट उचलला आणि पायांखाली सरकवला.

"होईन अध्यक्ष," अक्का म्हणाल्या.

आम्ही सगळ्या वाट बघत राहिलो. पुढं काहीच आलं नाही.