मागणीचा रकाना

त्या हॉस्पिटलात वहिनी एकच. म्हणजे कुणाकुणाच्या वहिनी असलेल्या बायका पुष्कळ होत्या, पण नुसतं "वहिनी" म्हटलं की लोक तळमजल्यावरच्या चादरींच्या भांडाराकडे बोट दाखवायचे. तिथे लोखंडी जाळीच्या खिडकीमागे ती बसायची. तिच्याच घरात राहणारी नणंद वरच्या मजल्यावर, जुन्या आजाऱ्यांच्या वॉर्डात सिस्टर होती. ही नोकरीला लागली त्याच दिवशी नणंद खिडकीशी येऊन "वहिनी, उशांचे अभ्रे दे गं" असं खच्चून ओरडली, आणि तेव्हापासून सर्जनपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांची ती वहिनी झाली. नवऱ्याला बहीण एकच, पण हिच्या वाट्याला हॉस्पिटलभर सासर आलं.

खिडकीचा नियम सोपा होता. मळकी द्या, धुतलेली घ्या. वॉर्डाने जितक्या मळक्या चादरी आणल्या तितक्याच धुतलेल्या मिळणार, एकही जास्त नाही. वहिनी येण्याआधी भांडारातल्या चादरींना पाय फुटायचे. ती आली आणि चोऱ्या थांबल्या. याचा तिला भारी अभिमान होता, आणि मला विचाराल तर तो असायलाही हवा होता.

आता अशा बाईचा आणि कॉम्प्युटरच्या कोडचा संबंध काय? तर लेकीने प्रोग्रॅमिंगचा कोर्स लावला आणि अर्ध्यात सोडला. भरलेली फी वाया जाताना बघणं वहिनीच्या रक्तात नव्हतं. लेकीच्या जागी ती स्वतः जाऊन बसली, मागच्या बाकावर, आणि सगळ्यांना तोंडात बोटं घालायला लावत परीक्षा पास झाली. ही बातमी भांडाराच्या मोठ्या साहेबांच्या कानावर गेली. अशा बातम्या नेमक्या साहेबांच्याच कानावर कशा जातात, ते मला अजून समजलेलं नाही.

साहेब म्हणाले, "वहिनी, पुढच्या वर्षी कुठल्या वॉर्डाला किती चादरी लागतील, ते आता क्लाउडवरची सेवा सांगणार. तुम्ही फक्त आपले जुने आकडे कोड लिहून तिला द्यायचे."

त्या 'फक्त'ने वहिनीच्या नाकी नऊ आणले. तिला वाटलं होतं, आकडे द्यायचे आणि अंदाज घ्यायचा. तर तसं नाही. आधी एक गट तयार करायचा. मग गटात एक डेटासेट, तोही रिकामा. मग त्या रिकाम्या डेटासेटला सांगायचं की तुझ्यात काय काय येणार आहे, कोणत्या क्रमाने, रोजचं की आठवड्याचं. एवढं होईपर्यंत आत आकडा एकही गेलेला नाही!

"म्हणजे डबा आधी, मग डब्यावरची चिठ्ठी, आणि साखर सगळ्यात शेवटी," ती नवऱ्याला म्हणाली.

"मग चिठ्ठी नीट लाव म्हणजे झालं," नवरा म्हणाला. त्याला यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बायकोशी बोलताना मधूनमधून काहीतरी बोलावं लागतं, एवढं तो शिकला होता.

सेवेला तीन रकाने हवे होते. वस्तू कोणती, दिवस कोणता, मागणी किती. वहिनीने वस्तूच्या जागी वॉर्डाचं नाव घातलं, दिवसाच्या जागी तारीख, आणि मागणीच्या जागी त्या दिवशी खिडकीतून गेलेल्या चादरी. या तिसऱ्या रकान्यापाशी ती क्षणभरही थांबली नाही. तारखेपाशी मात्र बसून राहिली, कारण सेवेला वर्ष आधी हवं होतं आणि हिने दिवस आधी लिहिला होता. ते सुधारून पुन्हा कोड चालवला तर उत्तर आलं, या नावाचा डेटासेट आधीच आहे. तो पुसायला गेली तर उत्तर आलं, याला आकडे चिकटलेले आहेत, आधी ते काढा. ते काढायला गेली तर, अजून काम चालू आहे, थांबा. घरच्या थोरल्या जावेनेही तिला कधी इतकं झुलवलं नव्हतं.

शेवटी एकदाचे आकडे आत गेले. सेवेने ते चघळले आणि अंदाज दिला. तोही एक नाही, तीन. एक कमीतला, एक मधला, एक जास्तीतला.

"अगं बाई, नक्की काय ते एकच सांग ना," वहिनी पडद्याला म्हणाली.

पण रेषा बघून ती हरखली. लहान मुलांच्या वॉर्डाची रेषा थंडीत वर चढत होती, जशी दर थंडीत चढते. बाळंतिणींची रेषा सपाट चालली होती. सगळं तिच्या डोळ्यांसमोरचं, खरं. फक्त एका वॉर्डाची रेषा जिना उतरल्यासारखी खाली खाली येत होती आणि पुढच्या वर्षाअखेर निम्म्यावर टेकत होती. तो होता जुन्या आजाऱ्यांचा वॉर्ड. नणंदेचा.

साहेब खूश झाले. "बघा, कपात कुठे करायची ते आपोआप समजलं. महिनाअखेरच्या मीटिंगमध्ये हेच मांडू. पुढच्या वर्षीचा कोटा यावरून ठरेल."

संध्याकाळी घरी जेवताना वहिनीने हे सांगितलं. सांगायला नको होतं, पण तिच्या पोटात काही राहत नाही.

नणंदेचा घास हातातच राहिला. "निम्म्या? माझ्या वॉर्डात एक खाट रिकामी दाखव मला! अगं, निम्मी माणसं काय रेक्झिनवर झोपवू? पाठ चिकटते वहिनी. कुशीवर वळवताना कातडी निघते त्यांची."

"मी कुठे म्हणतेय? ती सेवा सांगते."

"सेवा म्हणे! सेवा मी करते. ती बया कधी आलीय का वॉर्डात?"

वहिनी रागावली की 'ताई'चं 'वन्सं' व्हायचं. "वन्सं, आकड्यांशी भांडू नका. आकडे काय माझ्या माहेरचे आहेत?"

नवरा दोघींच्या मधे बसला होता. पाण्याचा तांब्या आधी कुणाकडे सरकवावा, याच विचारात त्याचं जेवण थंड झालं. त्या दिवसापासून नणंदेने अबोला धरला. मिठापासून मोरीतल्या साबणापर्यंत सगळे निरोप नवऱ्यामार्फत जाऊ लागले.

वहिनीला अबोल्यापेक्षा त्या रेषेने छळलं. नणंद भांडखोर होती, पण खोटारडी नव्हती. खाटा भरलेल्या आहेत म्हणाली तर त्या भरलेल्याच असणार. मग चादरी कमी कशा लागतील? नक्की आपल्या कोडमध्येच कुठेतरी घाण आहे, असं वहिनीने ठरवलं. तिने नवा डेटासेट केला, रोजच्याऐवजी आठवड्याचा. रेषा उतरलीच. तारखा पुन्हा तपासल्या. उतरलीच. मग तिने जरा लबाडी केली. नणंदेच्या वॉर्डाचे आकडे लहान मुलांच्या नावाने घातले, बघू सेवा फसते का. तर लहान मुलांची रेषा जिना उतरायला लागली. म्हणजे दोष कोडचा नव्हता, नावाचा नव्हता, आकड्यांचाच होता. आणि आकडे तर तिने स्वतः खिडकीत बसून मोजलेले, एकूण एक बरोबर.

सगळं बरोबर आणि उत्तर तेवढं चूक. काही चुकलेलं असलं तर माणूस शोधू तरी शकतो. इथे शोधायचं काय? वहिनीचं डोकं भणाणून गेलं. दुधाला विरजण लावायचं विसरली, घराची किल्ली घरातच ठेवून दार ओढून आली. नवरा म्हणाला, "सोड ना तो नाद." तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो बाजारात निघून गेला.

मीटिंग जवळ आली होती. अबोल्यामुळे नणंद खिडकीशी येत नव्हती, तिच्याऐवजी वॉर्डातल्या मावशी मळक्या चादरींचं गाठोडं घेऊन यायच्या. त्या सकाळीही आल्या. वहिनीने मळक्या मोजल्या, तितक्याच धुतलेल्या दिल्या. मावशी जागच्या हलेनात.

"एक कमी पडते वहिनी."

"मळकी कुठाय?"

"मळकी कुठली आणू? कोपऱ्यातले आजोबा गेले सकाळी. चादरीतच गुंडाळून खाली नेलं. त्या खाटेवर दुसरा पेशंट आलासुद्धा."

"मळकी नाही तर धुतलेली नाही मावशी. नियम तुम्हाला काय नवीन आहे?"

"माहितीये. विचारून बघितलं आपलं," असं म्हणून मावशी गाठोडं उचलून गेल्या.

वहिनी कॉम्प्युटरकडे वळली. आजचा आकडा घालायचा होता. तिने वॉर्डाचं नाव लिहिलं, तारीख लिहिली, मागणीच्या रकान्यात आजच्या चादरी लिहिल्या. कालच्यापेक्षा एक कमी.

तिचं बोट तिथेच थांबलं. बाई समोर उभी राहून एक जास्त मागत होती, आणि तिने मागणी एक कमी लिहिली होती.

मग तिला सगळं दिसलं. बाकीच्या वॉर्डांतले पेशंट बरे होऊन आपल्या पायांनी घरी जातात, चादर मागे राहते. नणंदेच्या वॉर्डातून पुष्कळसे चादरीसकट जातात. ती चादर मळकी होऊन परत येत नाही, म्हणून तिच्या जागी धुतलेली मिळत नाही. दुसऱ्या दिवशी वॉर्डाकडे एक चादर कमी, म्हणून एक मळकी कमी, म्हणून पुन्हा एक कमी. नवीन खरेदी व्हायची, पण ती ज्या वॉर्डाचे डॉक्टर मोठ्याने बोलतात तिकडे जायची. त्या उतरत्या रेषेची एकेक पायरी म्हणजे एकेक माणूस होतं. आणि नियम पाळणारी ती स्वतः होती, इतकी वर्षं, अभिमानाने. वहिनीला आधी लाज वाटली, मग राग आला, आणि राग नक्की कुणाचा येतोय ते कळेना.

दुपारी ती साहेबांकडे गेली. "साहेब, हे मागणीचे आकडे नाहीत. आपण दिलेल्या चादरींचे आहेत."

"मग मागणीचे घाला."

"ते नाहीतच."

"नाहीत म्हणजे? वॉर्डवाले मागत नव्हते? वहिनी, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही."

"रडत होते साहेब. आपल्याकडे ते लिहायची जागा नव्हती."

साहेब वाईट नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "या वॉर्डाचे जुने आकडे कोरे ठेवले तर?"

"तेही करून बघितलं आताच. 'माहीत नाही' असं सांगता येतं तिला. पण मग ती म्हणते, आकडे अपुरे आहेत, अंदाज देता येत नाही."

"म्हणजे एकतर चुकीचा अंदाज, नाहीतर अंदाजच नाही. मी मीटिंगमध्ये कोरा कागद दाखवू?" साहेब कपाळाला हात लावून बसले. शेवटी म्हणाले, "मीटिंगपर्यंत त्या एका वॉर्डाला मळकीची अट नाही. खरी मागणी लिहून आणा. आणली तर बोलतो मी. नाहीतर रेषा आहे तशी जाईल."

दुसऱ्या दिवशी वहिनीने मावशींकडे निरोप पाठवला की सिस्टरनेच खाली यावं. नणंद आली. तोंड फुगलेलं, काखेत गाठोडं. गाठोडं तिने खिडकीवर आपटलं.

वहिनीने त्याला हात लावला नाही. "ताई, किती हव्यात?"

"मोज की. आणल्यात तितक्या."

"आणल्यात किती ते नाही विचारत. मळकी आजपासून नको. तुला हव्यात किती?"

नणंदेने तिच्याकडे बघितलं, मग गाठोड्याकडे, मग मागे वळून जिन्याकडे. घरात मीठ कमी पडलं तरी शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं बोलणारी ती बाई. तिला आकडा सापडेना.

"हव्यात म्हणजे," ती म्हणाली, "कशा गं? म्हणजे, मागायच्या?"

"हो. माग."

नणंदेने आजूबाजूला बघितलं, कुणी ऐकत नाही ना असं. मग जाळीजवळ तोंड आणून, वहिनीने तिच्याकडून कधीच ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाली, "एक जास्त मिळेल?"

वहिनीची बोटं कीबोर्डवर होती. एक जास्त, एवढंच लिहायचं होतं, आणि या वेळी ते खरोखर मागितलेलं होतं. वॉर्डात किती खाटा आहेत ते तिला ठाऊक होतं, किती रेक्झिनच्या गाद्या उघड्या पडल्या असतील तेही आता ठाऊक होतं. एका चादरीने भागणार नव्हतं. ती उठली आणि भांडाराचं जाळीचं दार उघडलं.

"आत ये. काय लागतं ते तूच घे."

नणंद आत आली. चादरी छतापर्यंत रचलेल्या होत्या. तिने सगळ्यात खालच्या फळीवरून एकच चादर ओढली, छातीशी धरली आणि घाईघाईने म्हणाली, "याची मळकी मी आणून देईन हं वहिनी. नक्की आणून देईन."

वहिनीला रडू फुटलं. पडद्यावर वॉर्डाचं नाव होतं, तारीख होती, आणि मागणीच्या रकान्यात काय लिहावं ते तिला अजूनही कळत नव्हतं.