सैल गटिंग

गटिंगमावशींची खोली टेनिस कोर्टावरच्या प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली होती. वर टाळ्या कडाडल्या की छताची धूळ मशीनवर पडायची आणि मावशी म्हणायच्या, "जिंका बाई कुणीतरी एकदाचं!" रॅकेटची तुटलेली जाळी नव्याने ओढून बसवायचं हे गटिंगचं काम त्यांना नवऱ्याने शिकवलं. बाकी तो माणूस अबोल. छातीत कळा येत होत्या, तेही बायकोला काळजी नको म्हणून त्याने सांगितलं नाही आणि एक दिवस गेला. मावशींचा त्याच्यावरचा राग अजून गेला नव्हता, आणि मायाही.

महिला दुहेरीच्या उपांत्य सामन्याच्या सकाळी थोरली आली. थोरली आणि धाकटी काही सख्ख्या बहिणी नव्हेत. पण इतकी वर्षं जोडीने खेळल्या की सगळे तसंच म्हणायचे.

"मावशी, माझी जाळी जरा सैल ओढा, म्हणजे कमी जोरातही बॉल जाईल. खांदा फार दुखतोय. पण धाकटीला बोलू नका हं. कळलं तर ती बॉल सोडून माझ्याकडेच बघत बसेल."

मावशींच्या अगदी ओठावर आलं होतं, की बाई, असं लपवू नये. पण या खोलीतलं बोलणं या खोलीतच राहायचं, हा त्यांचा नेम. त्यांनी रॅकेट मशीनवर चढवली.

थोड्या वेळाने धाकटी हजर. "माझी एक रॅकेट अगदी तिच्यासारखी करा. तिच्याकडे दोनच आहेत, ऐनवेळी तुटल्या तर? हल्ली ती केससुद्धा डाव्या हाताने विंचरते, मावशी. मी काय आंधळी आहे? पण तिला सांगू नका. फार मानी आहे."

इकडे आड, तिकडे विहीर! मावशींनी दोघींचं गटिंग केलं.

सामना अटीतटीचा झाला. मावशी काम टाकून दारात येऊन उभ्या राहिल्या. थोरलीची एक जाळी तुटली, मग दुसरी. धाकटीने आपली रॅकेट पुढे केली. थोरलीने एक बॉल मारला आणि जाळीवर बोटं फिरवत थबकली. ती अगदी तिच्या जाळीइतकीच सैल होती. शेवटी त्या थोडक्यात हरल्या.

थोरली तडक खोलीत आली. "मावशी, विश्वासाने सांगितलं होतं तुम्हाला!"

मावशींना ते फार लागलं. खरं बोलावं तर धाकटीचं गुपित फुटणार. त्यांनी थोरलीची तुटलेली जाळी कापायला घेतली.

"त्यांना कशाला बोलतेस?" धाकटी दारातून म्हणाली. "त्यांनी चकार शब्द काढला नाही. सांगायचं होतंस ते तू. मला."

थोरलीने भांडायला तोंड उघडलं, पण बाहेर आलं ते भलतंच. "दुखतं गं," ती म्हणाली. "कूससुद्धा बदलता येत नाही."

"कधीपासून?"

"गेल्या मोसमापासून."

धाकटी तिच्याशेजारी येऊन बसली. "म्हणजे इतके दिवस तू एकटीच खेळत होतीस," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.