माझे राक्षस माझ्या डोक्यातले

“हे कुठून उचललंस?”

प्रकाशक सरांनी विचारलं तेव्हा माझ्या हातात चहाचा ट्रे होता. एक कप त्यांचा, एक प्राध्यापकांचा. टेबलावर माझी कादंबरी पडली होती. मीच लिहिलेली, त्यांच्याच कॉम्प्युटरवर मीच टाइप केलेली. सरांनी ती पेनाच्या टोकाने माझ्याकडे सरकवली. हात लावला नाही. खरकटी ताटली सरकवतात ना, तशी.

मी म्हणाले, उचललेलं नाही सर, माझ्या डोक्यातलं आहे.

प्राध्यापक हसले. सरांकडे येणारं हस्तलिखित आधी ते वाचायचे, मग छापायचं की नाही ते ठरायचं. माणूस गोड बोलणारा. गोड बोलूनच त्यांनी सांगितलं, “अगं, तुम्ही लोकांनी भोगलेलं लिहायचं असतं. कल्पना करायला पोट भरलेलं लागतं.”

मी ट्रे खाली ठेवला. चहाचा थेंबसुद्धा सांडला नाही. तो सांडला नाही याचा मला आजही राग येतो.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची, नाशिकमधली. कॉलेज रोडला सरांचं ऑफिस होतं. मी तिथे डीटीपी करायची. लोकांची पुस्तकं टाइप करायची. मुंबईच्या एका निवृत्त साहेबाचं प्रवासवर्णन, कुणाच्या तरी बायकोच्या कविता, मधुमेहावरचे उपाय. आणि साहेबलोक आले की चहा. ऑफिसात चहासाठी वेगळा माणूस होता, पण प्राध्यापक आले की मलाच हाक यायची. का, ते मला विचारू नका.

मी पेठकडच्या डोंगरातली. आम्ही कोकणा आदिवासी. आईबाप थंडीत दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला उतरायचे, मी आश्रमशाळेत राहायची. एवढं पुरे. याहून जास्त मी सांगणार नाही, कारण याच्या पुढचंच सगळ्यांना हवं असतं.

माझी कादंबरी होती डोंगराच्या पोटातल्या एका नगराची. त्या नगरात माणसं चेहऱ्याशिवाय जन्मतात. चेहरे भाड्याने घ्यावे लागतात. एक बाई ते चेहरे राखते. तिच्याकडे भिंतभर चेहरे टांगलेले असतात, आणि ज्याने ठरल्या वेळी चेहरा परत केला नाही त्याला तो चेहराच हळूहळू खाऊन टाकतो. मी त्या नगराचा नकाशा काढला होता, खराब प्रुफांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. नद्यांना नावं दिली होती. तिथे कोण कुणाला कशी हाक मारतं, मेलेल्याचा चेहरा कुणाकडे जातो, सगळे कायदे केले होते. टाइप करताना मीच घाबरायची आणि मग स्वतःवरच खूश व्हायची. असलं सुख मला दुसऱ्या कशात मिळालं नाही, खरं सांगते.

ते मी कुठून उचललं, तर ऐका.

आमच्याकडे बोहाडा होतो. मुखवट्यांचा उत्सव. गावात प्रत्येक सोंग एकेका घराचं असतं. आमच्या घराकडे वेताळ होता. लाकडाचा, शेंदूर लावलेला, आजोबाच्याही आधीचा. बाप तो घालून नाचायचा. पण घातलेला मुखवटा त्याने स्वतः काढायचा नाही, ही आमच्या पाड्याची रीत. नाच संपला की घरातलं माणूस समोर उभं राहून विचारणार, कोण आलंय? आतून उत्तर यायला हवं, वेताळ. मग विचारायचं, जातोस का? तो जातो म्हणाला, की मागची गाठ सोडायची. उत्तर आलं नाही तर गाठीला हात लावायचा नाही.

एका वर्षी उत्तर आलं नाही. मी लहान होते. बोहाडा रात्रीचा, पण शेवटच्या दिवशी सोंगं उजेडात निघतात. ऊन चढलेलं. काका विचारतोय, कोण आलंय? बाप गप्प. संबळ थांबला. बायका मागे सरकल्या. मी पुढे होते, मला मुखवट्याच्या भोकांतून डोळे दिसत होते. ते माझ्या बापाचे नव्हते. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला आणि काकाने गाठ सोडली. बाप पाणी प्यायला, विडी मागितली, जेवला. मी मात्र तिथून पुढे कधी नीट घरी आलेच नाही. बाप परत आलाच नसता तर? हा एक प्रश्न घेऊन मी पुढे सगळं नगर बांधलं. तर हे असं उचललं.

हे सरांना सांगितलं, चूक केली. त्यांचे डोळे चमकले. प्राध्यापक खुर्चीत पुढे सरकले. दोघांचं तिथल्या तिथे ठरलं. कादंबरी नको, आत्मकथन कर. पहिलं प्रकरण भुकेचं. मग आश्रमशाळा, मग द्राक्षबागेतले मालक. नगर, चेहरे वगैरे काढून टाक. मुखवटा एकच राहू दे, तो कव्हरवर घेऊ. खरा मुखवटा आण घरून, फोटो काढू.

मी काहीच बोलले नाही. आमच्याकडे मोठ्या माणसापुढे गप्प राहिलं की तो नकार असतो. त्यांच्याकडे तोच होकार धरतात.

तरी मी मुखवटा आणला. मला वाटलं, एकदा डोळ्यांनी बघतील तर त्यांना कळेल की हे भुकेचं चित्र नाही. बघितल्यावर कुणी असल्या वस्तूला भूक म्हणूच शकणार नाही. बापाने तो आईच्या जुन्या लुगड्यात बांधून दिला. बोहाड्याशिवाय तो कधी घराबाहेर गेला नव्हता. बाप नाही म्हणाला नाही. माझं पुस्तक होतंय म्हणून त्याला केवढं कौतुक. एसटीत बसवताना एवढंच म्हणाला, “कुनी घातला तर इचारल्याबिगर सोडू नको.”

मी हसले. म्हटलं, बा, तिथे कोण घालतंय?

ऑफिसच्या मागच्या खोलीत फोटोग्राफरने दिवे लावले होते. मला केस सोडायला लावले. चप्पल काढायला लावली. मुखवटा छातीशी धरून उभं केलं. मी कॅमेऱ्याकडे बघत होते, सरळ. प्राध्यापक म्हणाले, “अशी नाही गं. डोळे जरा भुकेले ठेव.”

त्या दिवशी मी डबा खाऊन आले होते. भुकेले डोळे कसे ठेवायचे ते मला येईना. मग प्राध्यापक म्हणाले, थांब, दाखवतो. माझ्या हातातून मुखवटा घेतला आणि स्वतःच्या तोंडावर चढवला. फोटोग्राफरला म्हणाले, बांध रे मागून. त्याने कापडी पट्टा ओढून करकचून गाठ मारली. आणि हा बाप्या टेबलाभोवती नाचायला लागला. हू हू करत, गुडघे वर उचलत. सर हसून हसून खोकायला लागले. फोटोग्राफर हसला. मी उभी. अंगावरचे कपडे कुणी ओढून घेतल्यासारखं वाटलं मला. माझ्या बापाच्या डोक्यावर पाय देऊन कुणी नाचतंय आणि मी दिव्यांच्या उजेडात अनवाणी बघतेय.

दिव्यांनी खोली तापली होती. थोड्या वेळाने ते थांबले. आतून म्हणाले, काढा रे आता, गुदमरतंय. फोटोग्राफरने गाठ ओढली, ती जास्तच बसली. त्याने नखं लावली, दात लावले. गाठ सुटेना. मग सरांनी मला खूण केली, तू बघ.

मी गेले. मागे नाही गेले. समोर उभी राहिले. काय होतंय ते मलाही कळायच्या आत मी विचारलं, “कोण आलंय?”

सर पुन्हा हसले. त्यांना वाटलं, गंमत चाललीय.

मी परत विचारलं.

“अगं मी आहे. सोडव लवकर.”

मी हात वर केला नाही. परत तेच विचारलं. आता त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. आडनावासकट, पदवीसकट. आवाज कोंडल्यासारखा येत होता. आणि भोकांतून दिसणारे डोळे, आईशप्पथ, भुकेले होते. हवेसाठी भुकेले. खोलीत कुणी हसत नव्हतं. फोटोग्राफर भिंतीला टेकला होता. माझं डोकं एकदम साफ. मी रचलेलं नगर कुठेच नव्हतं, तरी त्याचा कायदा या खोलीत चालत होता आणि एम.ए. पीएच.डी. माणूस त्यात अडकला होता.

सर ओरडले, “काय तमाशा आहे हा? सोड त्यांना.”

मी म्हणाले, “सर, मी विचारते त्याचं उत्तर त्यांना माहीतच नाही. मग मी सोडू कुणाला?”

सरांनी ड्रॉवरमधली कात्री काढली आणि पट्टा कापला. प्राध्यापकांनी मुखवटा टेबलावर टाकला आणि तोंड वासून श्वास घेतला. कपाळाला, गालाला शेंदूर लागला होता. रुमालाने पुसत होते, तो आणखी पसरत होता. पुसता पुसता माझ्याकडे बघून एकच शब्द बोलले, “जंगली.”

मी मुखवटा लुगड्यात बांधला. टेबलावरची कादंबरी उचलली. चप्पल घातली. सरांना सांगितलं, मला तुमच्याकडे काहीही छापायचं नाही, उद्यापासून मी कामाला येणार नाही. पगार राहिला होता, तो मी मागितला नाही.

बापाने कापलेला पट्टा बघितला. मला वाटलं, चिडेल. त्याने मुखवटा पुन्हा लुगड्यात बांधला. लोखंडाने सोडवलेला वेताळ घरात राहत नाही, असं आमच्याकडे मानतात. पुढच्या बोहाड्यात वेताळ दुसऱ्या घराला गेला. बाप लोकांत उभा राहून बघत होता, हात मागे बांधून. काका त्याच्याशी बोलला नाही. माझ्या पुस्तकापायी माझ्या बापाचा नाच गेला, आणि त्याने मला एका शब्दाने बोल लावला नाही. त्याने शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मग मी लिहायला बसले ती उठलेच नाही म्हणा. जुनी कादंबरी फोडली, पुन्हा बांधली. आधी त्या नगरात लोक चेहऱ्यांना घाबरायचे. आता तिथे बाहेरून एक शहाणा माणूस येतो, हसत हसत चेहरा उचलतो आणि तोंडावर चढवतो. चेहरे राखणारी बाई त्याला विचारते. तो स्वतःचं नाव सांगतो. ती परत विचारते. तो आपल्या पदव्या सांगतो. नगरात कात्री नाही. का, तर माझ्या मनाला आलं म्हणून. तो माणूस अजून तिथेच आहे.

छापायचं कुठे? नाशकातल्या प्रकाशकांत माझी कीर्ती पोचली होती. भद्रकालीत लग्नपत्रिका छापणारे एक चाचा होते, मी त्यांच्या पत्रिका टाइप करायला लागले. लग्नसराई संपली की मशीन बसून असायचं. त्या दिवसांत माझ्या पुस्तकाचे फर्मे, म्हणजे पानांचे मोठे ताव, छापायचं ठरलं. चाचांना मराठी वाचता यायचं, पण सावकाश. छापता छापता ते पानं वाचायला लागले आणि मशीन थांबवून बसले. म्हणाले, “बेटी, ये बंदा निकलेगा क्या बाहर?” मी नाही म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि मशीन सुरू केलं. माझ्या पुस्तकावरचा तो पहिला अभिप्राय. पानं मी दुमडली, फर्मे मी जुळवले, शिवण मी घातली. पैशाचं रडगाणं मी गाणार नाही. ते गायला लागले की लोक सुखावतात.

पुस्तक घेऊन मी दुकानं फिरले. दुकानदार माझं आडनाव वाचायचा आणि पुस्तक आत्मकथनांच्या कपाटात ठेवायचा. आतलं पान उघडायचे कष्ट नाहीत. मी तिथून काढायची, राजकन्या-परींच्या शेजारी ठेवायची. पुढच्या खेपेला बघावं तर पुन्हा आत्मकथनांत. एका दुकानात तर मालक मला म्हणाला, ताई, तुमच्या नावाला तिथेच गिऱ्हाईक आहे. म्हणून मी दुकानं सोडली. आठवडी बाजारात पथारी टाकली, पेठला, हरसूलला, सुरगाण्याला. कांदे-मिरच्यांच्या शेजारी माझे राक्षस. कॉलेजची पोरं घ्यायची. एक बाई घेऊन गेली आणि पुढच्या बाजारी येऊन भांडली, पोरगं रात्री आरसा झाकून ठेवतंय म्हणून. त्या दिवशी मी स्वतःला लेखिका म्हटलं.

काही वर्षं गेली. एका पुस्तक प्रदर्शनात मी कोपऱ्यात बसले होते. सर आले. केस पांढरे झालेले. माझं पुस्तक हातात घेतलं, या वेळी हाताने. म्हणाले, आता पोरांना असलं लागतं, सगळीकडे मागणी आहे, दे मला, महाराष्ट्रभर नेतो. चित्रं घालू, जाड कव्हर घालू. एकच छोटी गोष्ट. कव्हरवर छापायचं, एका आदिवासी स्त्रीने अनुभवलेलं सत्य.

मी म्हणाले, “सर, यातलं काही खरं नाही. सगळं मी रचलंय.”

“ते मला कळतं गं. पण वाचकाला खरं वाटलं पाहिजे ना.”

इतकी वर्षं झाली तरी माझी अक्कल त्यांना पचत नव्हती. माझं रक्त चालत होतं, घाम चालत होता. डोकं चालत नव्हतं. मी त्यांच्या हातातून पुस्तक काढून घेतलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला दिलं.

पुढच्या आवृत्तीपासून मुखपृष्ठावर माझ्या नावाच्या वर, नावापेक्षा मोठ्या अक्षरात, एक शब्द असतो. काल्पनिक. चाचा म्हणाले, इतना बडा? मी म्हटलं, अजून मोठा करा.

हे इथे लिहिलंय तेवढं खरं मी एकदाच दिलं. यापुढे माझ्याकडे खरं मागायला कुणी येऊ नये. मी रचणार. भीती रचणार, नगरं रचणार, माणसं आत घालणार. कुणाला बाहेर सोडायचं ते मीच ठरवणार.