आलोशियसच्या आठ रोझऱ्या

नंदाखाल गावच्या आलोशियसकडे घड्याळ कधी टिकलं नाही. एक विहिरीत पडलं, एक म्हशीने तुडवलं. पण त्याचं अडलं कुठे? केळीला पाणी सोडायचं, खिशातली माळ काढायची. एक रोझरी, म्हणजे माळेवरची सगळी प्रार्थना, पुरी झाली की वाफा भरलाच. वीस मिनिटं. मोटर बंद. चाळीस वर्षांत एक वाफा फुटला नाही!

अशा माणसाला मस्कतच्या लेकीने, ग्लोरियाने, विमानाची तिकिटं पाठवली. नातीचा, ॲनिशाचा, रविवारी बाप्तिस्मा होता. तिकिटावर छापलेलं: मुंबई सव्वाचार, मस्कत पाच वीस.

‘‘एक तास पाच मिनिटं!’’ चर्चच्या पायरीवर त्याने जाहीर केलं. ‘‘दीड हजार किलोमीटर! आपली एसटी तेवढ्यात वसईला पोचत नाही.’’

‘‘मग परतीला चार तास कसे?’’ शेजारच्या एडवर्डने तिकीट निरखून विचारलं.

‘‘उलटा वारा,’’ आलोशियसने ठोकून दिलं.

विमानाची चाकं जमिनीवरून सुटली आणि त्याने माळ काढली. तीन रोझऱ्या, वर चिमूटभर, की मस्कत. शेजारी बायको लूर्डस सुकेळ्यांचं पुडकं मांडीवर धरून घोरायलाही लागली.

तिसरी रोझरी संपली. खाली समुद्र. चौथी संपली. समुद्रच. विमान उतरायचं नाव घेईना. आलोशियसच्या तळव्यांना घाम फुटला. वाट चुकली! तासाभराचं पेट्रोल भरलेलं, आता टाकीत काय उरलं असणार? त्याने कान लावला. विहिरीचं पाणी तळाला गेलं की मोटर आवाज बदलते, तसा इंजिनाचा आवाज बदलला. तेवढ्यात हवाईसुंदरी हसत हसत चहा घेऊन आली. हसतेय म्हणजे नक्कीच काहीतरी लपवतेय.

लूर्डसला उठवावं? हात पुढे गेला आणि मागे आला. झोपेतच जाऊ दे बिचारी. नातीचा चेहरा फोनवर बघितला तेवढाच नशिबात. पाचवी रोझरी तो भराभर पुटपुटू लागला.

पलीकडच्या सीटवर वसईजवळच्या आचोळ्याचा आत्माराम होता, मस्कतला वेल्डिंग करणारा.

‘‘काका, बरं नाही का वाटत?’’

‘‘भाऊ, खरं सांग. मी ओरडणार नाही. आपण वाट चुकलोय ना?’’

‘‘चुकतोय कशाला? अजून तासभर आहे.’’

‘‘तिकिटावर तास न् पाच मिनिटं आहेत!’’

आत्माराम एवढा हसला की चहा सांडला. ‘‘काका, सव्वाचार मुंबईचे, पाच वीस मस्कतचे! तिथलं घड्याळ दीड तास मागे. विमानाला अडीच तास लागतातच.’’

‘‘मागे? मग कोणी लावून का देत नाही?’’

‘‘सूर्यच तिकडे उशिरा पोचतो, काका.’’

दीड तास म्हणजे साडेचार रोझऱ्या. हिशेब जुळला, पण माळ काही खाली ठेववेना. सहावी, सातवी त्याने डोळे घट्ट मिटून म्हटली. आठवी म्हणता म्हणता चाकं धाडकन टेकली, तसा त्याने आत्मारामचा हातच पकडला.

विमानतळावर लूर्डसने भिंतीवरचं घड्याळ बघितलं. पाच वीस.

‘‘बघा! तुम्ही म्हणालात तेच खरं. तास न् पाच मिनिटांत आलो.’’

मागे आत्मारामला खोकला आला. आलोशियसने घामेजलेली माळ हळूच खिशात टाकली.

‘‘आलो खरे,’’ तो म्हणाला. ‘‘पण परतीला तू झोपायचं नाहीस.’’