लाल काठाचा दुपट्टा

आमच्या घरमालकांच्या, काकाजींच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती. खांद्यावर दुपट्टा असलेली आणि नसलेली. पहिली भली, दुसरी बिचारी. देवाने माणसाला दोन खांदे दिले ते एकावर दुपट्टा आणि दुसऱ्यावर नातवंड ठेवायला, असं काकाजींचं ठाम मत होतं. नातवंड मुलाकडे पुण्याला होतं, काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे त्यांचा एक खांदा कायम मोकळा असे.

मी दुसऱ्या प्रकारातला, आणि वर कोकणातला. सरकारी कचेरीत बदली होऊन ऐन एप्रिलात यवतमाळला उतरलो तेव्हा अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट, डोकं उघडं आणि हातात काळी छत्री. घराबाहेर पडताना छत्री घ्यायची, एवढंच मला लहानपणापासून ठाऊक. कचेरीला निघालो तर काकाजी ओट्यावर बसले होते. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, पांढरा दुपट्टा. त्यांनी आधी आभाळाकडे पाहिलं, मग छत्रीकडे.

"पानी येऊन राह्यलं काय, भाऊ?"

"उन्हासाठी आहे," मी म्हणालो.

"ऊन डोक्यातून नाही लागत इथं. कानातून लागते." असं म्हणून त्यांनी स्वतःचा दुपट्टा सोडला, माझ्या डोक्याभोवती करकचून गुंडाळला आणि दोन्ही कान झाकून मागे गाठ मारली. "कान झाकजा. बाकी काही नाही झाकलं तरी चालते."

आरशात पाहिलं तर दाढदुखीचा पेशंट दिसत होता. मी कोपऱ्यापर्यंत तसाच गेलो आणि वळल्याबरोबर दुपट्टा सोडून पिशवीत घातला. कचेरीत ओळखीचं कुणी नव्हतं, पण जिथे कुणीच ओळखत नाही तिथे माणूस जास्तच लाजतो. तिसऱ्या दिवशी ऊन लागून मी आडवा झालो. काकाजींनी माझ्या तळपायांना कांदा चोळला, पन्हं पाजलं. मग पिशवीतला चुरगळलेला दुपट्टा काढला आणि घडी घालून उशाशी ठेवला. त्यानंतर मी कान झाकायला शिकलो.

त्यांच्या दुपट्ट्याला काय काय कामं होती, ते सांगत बसलो तर दिवस पुरणार नाही. चहाचं भांडं त्यानेच उतरवायचं, भाजी त्यातच बांधायची, एसटीच्या खिडकीतून तोच आत टाकून जागा धरायची आणि त्या जागेवर आधीच कुणी बसलेलं निघालं तर त्यालाच वारा घालून दोस्ती करायची. मी एकदा त्यांना रुमाल भेट दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "बाकीचा कुठं हाय?"

सुट्टीच्या दिवशी ते मला बसस्टँडवर घेऊन जात. जायचं कुठेच नसे. बाकावर बसून गाडीतून उतरणारी माणसं पाहायची आणि कोण कुठला ते कपड्यांवरून ओळखायचं, हा त्यांचा छंद. "तो पाह्य, टोपी कपाळावर आली. उमरखेडचा. मराठवाड्याची हवा लागते तिकडं टोपीले." "हा राजूरचा, खाणीवरचा. कॉलर धुतली तरी कोयसा जात नाही." एकदा एकाला त्यांनी छातीठोकपणे उमरखेडचा ठरवला आणि पैज म्हणून जाऊन विचारलं, तर तो निघाला घाटंजीचा. काकाजी परत येऊन बसले, थोडा विचार केला आणि म्हणाले, "हाय घाटंजीचाच. पण टोपी सासऱ्याची हाय." त्या बाकावर बसून आम्ही दोघांनी किती रविवार काढले कोण जाणे. त्या गावात दोघांचीही घरी वाट पाहणारं कुणी नव्हतं.

त्यांच्या खोलीत एक पत्र्याची पेटी होती. तिकडे लग्नात सोयऱ्यांना टोपी-दुपट्टा देऊन मान करतात. काकाजींनी चाळीस वर्षांचे असे दुपट्टे घडी घालून ठेवले होते आणि कुठला कुणाच्या मांडवातला, हे ते डोळे मिटून बोटांनी सांगत. मी तिथे होतो ती वर्षं कापसाची वाईट होती. बाजारात माणसं हळू आवाजात बोलायची, लग्नं लहान झाली, दुपट्टे विरळ झाले, आणि शेवटी कापसाच्या मुलखात टेरिलिनचे दुपट्टे मिळू लागले. काकाजी घरी आल्यावर तो उजेडाकडे धरत. "हा घाम पीत नाही, भाऊ. ढकलून देते." पण देणाऱ्याच्या दारावरून जाताना तोच खांद्यावर टाकून जात.

त्यांच्याबरोबर मीही लग्नांना जाई. जेवणाचा आग्रह भरपूर होई. मग यजमान टोपी-दुपट्ट्यांचा गठ्ठा घेऊन सोयऱ्यांच्या ओळीतून फिरत आणि माझ्यापाशी आले की हात सहज मला ओलांडून पुढे जाई. त्यांचं चुकत नव्हतं, मी कुणाचाच कोणी नव्हतो. मला दुपट्टा नकोच होता. तरी दर वेळी तो हात पुढे गेला की माझं लक्ष जेवणावरून उडायचं.

पेटीच्या तळाशी लाल काठाचा एक जाड सुती दुपट्टा होता. तो त्यांनी मुलाच्या लग्नात त्याच्याच खांद्यावर टाकायला स्वतः घेतलेला. लग्न पुण्याला झालं, टोपी-दुपट्टे नकोत असं आधीच ठरलं, आणि दुपट्टा घडीसकट परत आला. पुढे एकदा ते मुलाकडे राहायला गेले, ते चौथ्या दिवशी ओट्यावर हजर. मी कारण विचारलं. "पोरगा म्हणे, बाबा, सोसायटीत खाली उतरताना ते काढत जा. लोक पाहतात." त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला. "मी म्हटलं, पाहू दे ना. लोकायनं पाह्यलं नाही तर मी कोन कुठचा, हे कसं समजन?" मला पिशवीतला दुपट्टा आठवला आणि मी खाली मान घातली.

फाल्गुनात माझे वडील गेले. गावी दिवस करून, मुंडन केलेल्या डोक्याने मी यवतमाळला परतलो, तेव्हा काकाजींनी ओट्यावर पाट मांडून ठेवला होता. दुःखातल्या माणसाच्या डोक्यावर सोयऱ्याने नवा दुपट्टा बांधायचा आणि त्याला पुन्हा चारचौघांत आणायचं, अशी तिकडे तेरवीची, म्हणजे तेराव्याची रीत.

"आमच्याकडे असं नसतं, काकाजी," मी म्हणालो.

"तुमच्याकडं नसंन. पण तुम्ही इकडं हाय ना. अन् इकडं तुमचा सोयरा कोन हाय? मंग मीच झालो."

ते दुपट्टा बांधू लागले तेव्हा मला काठ दिसला. लाल. मी त्यांचा हात धरला. "हा मुलाचा आहे."

"पेटीत कोनाचाच नाही होत," ते म्हणाले आणि माझे कान झाकले. गावी माझ्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं. ते तिथे, त्या पाटावर आलं.

पुढे माझी बदली झाली. पत्रं कमी होत गेली, ती चूक माझीच. काकाजी गेल्याचा त्यांच्या मुलाचा फोन आला आणि मी तेरवीला पोचलो. ओट्यावर तोच पाट आणि त्यावर मुंडन केलेला, माझ्याच वयाचा त्यांचा मुलगा. शेजारी सोयऱ्यांनी आणलेले दोन-चार टेरिलिनचे दुपट्टे पडले होते. "हे आता कोण घालतं," तो अवघडून म्हणाला.

मी पिशवीतून लाल काठाचा दुपट्टा काढला. त्याने तो लगेच ओळखला.

"हा बाबांच्या पेटीतला."

"तुमच्यासाठीच घेतलेला. मी मधे वापरला."

त्याने डोकं पुढे केलं आणि मी, कोकणातल्या माणसाने, वऱ्हाडातल्या माणसाला दुपट्टा बांधला. गाठ मारताना तोंडातून आपोआप निघालं, "कान झाकजा."

दुपारी तो मला स्टँडवर सोडायला आला. उमरखेडची गाडी लागली होती, माणसं उतरत होती. आमच्या बाकावर कुणीतरी दुसरंच बसलं होतं. माझी गाडी सुटली तेव्हा तो उन्हात उभा होता, डोक्यावर दुपट्टा तसाच. कोपऱ्यावर गाडी वळेपर्यंत मी खिडकीतून मागे पाहत राहिलो. तोवर तरी त्याने तो सोडला नव्हता. पुढचं मला माहीत नाही.