खा माय, पोटभर खा

बोरीच्या रस्त्यानं जाताना कुठल्या शेतातून रोही, म्हणजे नीलगायी, हाकलायची आरोळी कानावर आली, की अजूनही मी गाडी हळू करतो. मला ती बाई आठवते.

मेळघाटच्या सहलीत ती माझ्या शेजारी, उघड्या जीपमध्ये बसली होती. बोरीकडची, एवढंच कळलं. नाव विचारायचं राहूनच गेलं. मी तिथल्याच जवळच्या जिंतूरचा म्हटल्यावर खुलली. "लेकीनं बळंच धाडलंय बगा. घरी तूर भरात हाय, कोन राखायलंय काय की!" मग मांडीवरची पिशवी कवटाळून डोंगरांकडं बघत बसली. "लय उंच हायेत हो," एवढंच मधूनमधून म्हणायची.

उतरायचं नाही, ओरडायचं नाही, असं गाईडनं निघतानाच बजावलं होतं. एका वळणावर त्यानं जीप थांबवली. समोर गवतात रोह्यांचा कळप चरत होता. सगळे श्वास रोखून बघत असताना ही बाई ताडकन उठली आणि दोन्ही हात उंचावून ओरडली, "हाऽऽड! हुर्रऽऽ!"

कळप उधळला. गाईड भडकला. बाई मटकन खाली बसली.

"चुकलं भाऊ," ती म्हणाली. "तुरीत घुसल्यावानीच वाटलं."

पुढं ओढ्याकाठी रोह्यांचीच एक मादी पिलाला घेऊन चरताना दिसली. बाईनं घाईनं पदराचा बोळा तोंडावर दाबला. जीप अगदी शांत होती, म्हणूनच त्या पदरातून आलेला आवाज मला ऐकू आला.

"खा माय, पोटभर खा. हितं कोनी हाकलत न्हाई."